घासलेलं अलॉय व्हील घरच्या घरी कसं दुरुस्त करावं

सोलापूरच्या नवी पेठेत गाडी लावताना चाक फुटपाथच्या कडेला घासलं की तो खर्रर्र आवाज थेट पोटात जातो. उतरून पाहावं तर रिमच्या कडेला बोटभर पांढरट पट्टा, आणि हात फिरवला तर धातूची कुसं टोचतात. एवढ्यासाठी चाक बदलायची गरज नसते. रंगाच्या दुकानातलं सामान आणि सुट्टीचा एक दिवस पुरतो.

पण आधी चाक नीट तपासा. तडा दिसत असेल, कड वाकली असेल, हवा सारखी कमी होत असेल किंवा स्टिअरिंग थरथरत असेल, तर हे काम घरी करू नका. लांबी (खळगे बुजवायची पुट्टी) भरून तडा झाकला जातो, सांधला जात नाही, आणि असं चाक पुणे हायवेवर वेगात कधी दगा देईल सांगता येत नाही. आणखी एक पाहा. काही चाकांचा दर्शनी भाग लेथवर कापून चमकवलेला असतो. तिरप्या उजेडात त्यावर सीडीसारख्या बारीक गोल रेषा दिसतात. तिथे पॉलिश पेपर फिरवला की ती चमक घरी परत येत नाही. अशी चाकं जाणकाराकडेच द्या.

आता ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर फक्त वरचं लॅकर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खरवडलंय. चाक धुऊन मऊ कापडाने रबिंग कंपाउंड घासलं की काम झालं. नख अडकलं तर पुढचं सगळं करावं लागेल.

हॅंडब्रेक ओढा, इतर चाकांना दगड लावा, नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा आणि मग जॅक लावा. चाक काढलं की स्टेपनी बसवून गाडी खाली उतरवा. गाडी जॅकवर ठेवून कामाला बसू नका.

चाक शाम्पूच्या पाण्याने धुवा. ब्रेकची काळी भुकटी कानाकोपऱ्यात चिकटून बसते, तिथे जुना टूथब्रश चालवा. बाथरूमचं ॲसिड अजिबात वापरू नका, ते ॲल्युमिनिअम खातं. वाळल्यावर थिनरने पुसून तेलकटपणा काढा. आपलं गाव टॉवेलचं असलं तरी शेवटचं पुसणं टॉवेलने नको, त्याचे तंतू प्रायमरमध्ये अडकतात. धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं धोतर सगळ्यात चांगलं.

टायर झाकायची सोपी युक्ती म्हणजे पत्त्यांचा जुना कॅट. थोडी हवा सोडा आणि रिम व टायरच्या फटीत पत्ते एकावर एक सरकवत गोल पूर्ण करा. व्हॉल्व्ह, नट बसायच्या जागा आणि हबला (चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग) टेकणारा मागचा भाग मास्किंग टेपने झाका. तिथे रंगाचा थर बसला तर नट पुढे सैल पडू शकतात. बॅलन्सिंगची वजनं जिथे आहेत तिथेच राहू द्या.

मग घासकाम. खरा वेळ इथेच द्यायचा. 240 नंबरच्या पेपरने कुसं सपाट करा आणि आजूबाजूच्या रंगाची कड उतरती करत न्या. डोळे मिटून बोट फिरवा, पायरी जाणवली तर अजून घासा. खोल खळग्यात हार्डनर मिसळलेली लांबी पातळ थरात भरा. उन्हाळ्यात ती पटकन आवळते, म्हणून सुपारीएवढीच कालवा. कडक झाल्यावर 400 आणि मग 600 नंबरचा पेपर चालवा. पुन्हा थिनरने पुसा.

रंगाला हवामान सांभाळावं लागतं. मी एकदा मे महिन्यात भर दुपारी फवारलं. रंग चाकावर पोचेपर्यंत हवेतच सुकला आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरबरीत झाला. सगळं घासून पुन्हा करावं लागलं. पावसाळी दमट हवेत लॅकर दुधाळ पडतं. दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंतचे दिवस या कामाला उत्तम. उन्हाळ्यातच करायचं झालं तर सकाळी लवकर, सावलीत, आधी अंगणात पाणी शिंपडून धूळ बसवा. उघड्यावर काम करा, मास्क लावा.

ॲल्युमिनिअमवर चालणारा प्रायमर, मग चाकाच्या छटेचा सिल्व्हर, शेवटी लॅकर. स्प्रेचा डबा वीतभर लांब धरून हात सतत फिरता ठेवा. पातळ हात मारा, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. प्रत्येकाचे दोन-तीन हात पुरतात. प्रायमर पूर्ण वाळल्यावर 1000 नंबरचा वॉटर पेपर हलकेच फिरवला की रंग गुळगुळीत बसतो. एकाच हातात झाकायला गेलात तर ओघळ येतात.

चाक रात्रभर वाळू द्या. बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, टायरमध्ये हवा भरा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. आठवडाभर चाकाला साबण लावू नका. नंतरही बोअरच्या पाण्याने धुतलंत तर लगेच पुसून घ्या, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग त्या नव्या लॅकरवर उमटतात.