क्लायंटही तुमची पोस्ट वाचतो

समुपदेशन सुरू करून मला सहा वर्षं झाली होती. नातं तुटल्यावर मनात राहणाऱ्या अपराधीपणावर मी फेसबुकवर एक पोस्ट लिहिली. एका क्लायंटची गोष्ट होती. नाव, वय, नोकरी सगळं बदललेलं. पोस्ट खूप शेअर झाली. पुढच्या आठवड्यात एक क्लायंट आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मॅडम, ती मीच ना?"

गोष्ट तिची नव्हतीच. पण तसं तिला सांगता येईना, कारण "तू नाहीस" म्हटलं की "दुसरं कुणीतरी आहे" हे कबूल केल्यासारखं होतं. पोस्ट मी त्याच दिवशी काढली, लिहिणं चुकलं हेही तिला सांगितलं. तरी पुढची तीन सेशन्स ती एकेक शब्द तोलून बोलत होती.

म्हणून नवीन समुपदेशकांना माझं पहिलं सांगणं हेच असतं: सेशनमधली गोष्ट ऑनलाइन लिहू नका, तपशील बदलूनही नाही. माणसाला स्वतःची ओळख पटायला त्यानं वापरलेला एखादा शब्द पुरतो, आणि ज्याची गोष्ट नाही त्यालाही ती आपलीच वाटू शकते. "आजचं सेशन फार जड गेलं" एवढी एक ओळसुद्धा टाकू नका. त्या दिवशी पाच जण येऊन गेले असतील, तर पाचही जण रात्री विचार करत बसतील. लिहायचं असेल तर विषयावर लिहा. पॅनिक अटॅक काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो, हे समजावायला कुणाचं आयुष्य वापरावं लागत नाही.

"पण क्लायंटनं परवानगी दिली तर?" हे मला नेहमी विचारतात. थेरपी चालू असताना तुम्हाला "नाही" म्हणणं क्लायंटला किती अवघड असतं, याचा विचार करा. रिव्ह्यूचंही तसंच. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत सध्याच्या क्लायंटकडून प्रशस्तिपर अभिप्राय मागायला मनाई आहे, आणि ती मला पूर्ण पटते. कुणी आपणहून रिव्ह्यू लिहिला, तरी त्याला उत्तर देऊ नका. "आलात, आनंद झाला" म्हटलं तरी ती व्यक्ती तुमच्याकडे येत होती हे जगजाहीर होतं. वाईट रिव्ह्यूला उत्तर द्यायला हात शिवशिवतात, मला माहीत आहे. ते उत्तर वहीत लिहा आणि सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी समुपदेशकासोबत आपल्या कामाबद्दल बोलायच्या बैठकीला, घेऊन जा.

फ्रेंड रिक्वेस्टचा प्रश्न पहिल्याच सेशनमध्ये सोडवून टाका. अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४च्या आचारसंहितेत तंत्रज्ञान आणि सोशल मीडियावर स्वतंत्र विभाग आहे. खासगी आणि व्यावसायिक खातं वेगळं ठेवा, सोशल मीडियाच्या मर्यादा थेरपीसाठी संमती घेतानाच समजावून सांगा, असं त्यात म्हटलं आहे. माझ्या संमतिपत्रातला मजकूर असा आहे, हवा तर तसाच घ्या:

"माझ्या खासगी खात्यावर मी क्लायंटची रिक्वेस्ट स्वीकारत नाही, थेरपी संपल्यावरही नाही. यामागे तुमच्याबद्दल नाराजी नसते, तुमची गोपनीयता जपायची असते. माझं व्यावसायिक पेज तुम्ही खुशाल वाचा. फॉलो केलंत तर तुमचं नाव इतरांना दिसू शकतं. मेसेजवर आपण फक्त वेळ ठरवू."

हे नुसतं सही करून घेऊ नका, मोठ्यानं वाचून दाखवा. आधी बोलणं झालेलं असलं की पुढे रिक्वेस्ट न स्वीकारल्यावर नाकारलं गेल्याची भावना पुष्कळ कमी होते. तरीही रिक्वेस्ट आली तर गुपचूप डिलीट करू नका, पुढच्या सेशनला विषय काढा. बरेचदा त्यामागे सांगायचं राहिलेलं काहीतरी असतं.

क्लायंटचं प्रोफाइल शोधून पाहू नका. उत्सुकता वाटते, पण त्यानं जे अजून तुम्हाला सांगितलेलं नाही ते तुम्ही परस्पर वाचलेलं असतं. जिवाला खरोखर धोका दिसत असेल तरच अपवाद; तेव्हा पाहिल्याची नोंद ठेवा आणि नंतर त्याला सांगा. चुकून काही समोर आलं तर तेही सांगा.

फोनची दोन कामं आजच उरका. कामासाठी वेगळा नंबर घ्या आणि सोशल मीडिया ॲप्सचं कॉन्टॅक्ट सिंक बंद करा. तुमच्या फोनमधले नंबर ॲपकडे गेले, तर "तुमच्या ओळखीचे असू शकतात" म्हणून क्लायंटला तुम्ही दिसू शकता आणि तुम्हाला क्लायंट. सपोर्ट ग्रुपसाठी व्हॉट्सॲप ग्रुप करू नका, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात.

राहिला रात्री दोनला येणारा अनोळखी मेसेज: "जगावंसं वाटत नाही." इनबॉक्समध्ये थेरपी सुरू करू नका, आणि वाचून गप्पही बसू नका. माझं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं आहे: "तुम्ही हे लिहिलंत ते बरं केलंत. आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का? जवळ कुणी असेल तर त्यांना उठवा. इथे मी सतत नसते, म्हणून लगेच या नंबरवर फोन करा." खाली हेल्पलाइन आणि आपत्कालीन सेवेचे नंबर. दर महिन्याच्या एक तारखेला मी ते स्वतः लावून पाहते, चालू आहेत की नाहीत.