आवडत्या बॉक्सरनं अचानक रिटायरमेंट घेतली तर काय करायचं

सकाळी तर्री पोहे खाता खाता मोबाईलवर बातमी दिसली की चॅम्पियननं ग्लोव्हज टांगले, तर पहिले प्लेट संपवा, रडायचं नंतर. मग बातमी खरी आहे का ते बघा, म्हणजे बॉक्सरच्या स्वतःच्या अकाउंटवर आहे का, कारण जानेवारी २०२४ मध्ये मेरी कोमच्या रिटायरमेंटची बातमी सगळीकडे फिरली अन् दुसऱ्याच दिवशी तिनं सांगितलं, मी असं काही जाहीरच नाही केलं बाप्पा! इकडं आमच्या ग्रुपवर श्रद्धांजली टाईप फोटो टाकून झाले होते, फुलंबिलं लावून.

बातमी खरी असली तरी लगेच निरोपाचं स्टेटस नका ठेवू. ब्रिटनचा हेवीवेट बॉक्सर टायसन फ्युरी, त्यानं २०२२ मध्ये एप्रिलच्या फाईटनंतर रिटायर झालो म्हटलं, अन् डिसेंबरमध्ये परत रिंगमध्ये.

"घाबरला बे" म्हणणारा एक तरी भेटतेच, त्याच्याशी भांडू नका, डोक्याला मार खाणं काय असते ते त्याला एकदा शांतपणे सांगा. बाकी संध्याकाळी आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावावर मित्रांना बोलवा, भुट्टा घ्या अन् जुन्या फाईट्स लावा, इअरफोन नको, स्पीकरवर.

आणि हो, आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ मध्ये बॉक्सिंगच्या यूथ वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड आणलंय, तिच्या फाईट्स पाहिल्या नसतील तर आजच बघा.