दसरा-दिवाळीच्या साफसफाईत हातपाय सांभाळा

माळा आवरताना स्टुलावर डबा ठेवून चढू नका. घडीची शिडी पूर्ण उघडा, मधली पट्टी नीट बसली का बघा आणि सर्वात वरच्या पायरीवर उभं राहू नका. शिडी भिंतीला टेकवायची असेल, तर चार फूट उंचीला एक फूट या हिशोबाने तिचे पाय भिंतीपासून लांब ठेवा. फार जवळ ठेवली तर माणूस शिडीसकट मागे कलंडतो, फार लांब ठेवली तर पाय सरकतात. पंखा पुसताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा त्या लाइनचा खटका, खाली करून बंद करा. बटण चुकून न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेवर, जोडलेलं असेल, तर ते बंद असूनही पंख्याच्या तारेत वीज असते.

सर्वात जास्त काळजी संडास-बाथरूममध्ये घ्या. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यात ब्लीच मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, खोकला लागतो, श्वास कोंडतो. एका दिवशी एकच वापरा आणि ते भरपूर पाण्याने धुऊन टाका. उग्र वास आलाच तर लगेच मोकळ्या हवेत या. बादली रिकामी करायला पुन्हा आत जाऊ नका!

अंगणातला पाचोळा, विटा, जुनी कौलं हाताने उचलू नका. आधी लांब काठीने हलवा, पायात गमबूट घाला. पाचोळ्यात घोणस दिसतच नाही. साप चावला तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. अंगठी-बांगड्या काढा, तो हात किंवा पाय स्थिर ठेवा, 108 ला फोन करा.