‘गेलेत’ की ‘जाऊन आले’: हॅव आणि हॅड मला कसे उमगले

मालवणात एका लॉजच्या काउंटरवर मी पहिली नोकरी धरली तेव्हा इंग्रजीतल्या बारा काळांचा तक्ता मला तोंडपाठ होता. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.ए., आणि मध्ये तीन महिन्यांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास. क्लासात एक सोपी युक्ती शिकवली होती: आजची गोष्ट असेल तर हॅव, कालची किंवा त्याआधीची असेल तर हॅड. ही युक्ती मी देवाच्या नावासारखी जपली आणि तिनेच माझा घात केला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वहीतही ती असणार, म्हणून आधी तिच्याबद्दलच सांगते.

मे महिन्याचा मध्य होता. दुपारपासून वारं सुटलेलं, दर्या खवळायला लागलेला. चार नंबरच्या खोलीतलं कुटुंब, सोबत दोन लहान मुलं, दोन वाजता सिंधुदुर्ग किल्ला बघायला गेलं आणि साडेचारला परतलं. मागच्या दाराने वर जाऊन सगळे झोपले. साडेपाचला ड्युटी संपताना मी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘रूम फोर गेस्ट्स हॅव गॉन टू फोर्ट ॲट टू पीएम.’ आजचीच गोष्ट, म्हणून हॅव. लिहिलं आणि एसटी पकडून घरी निघाले.

साडेसहाला मालकांनी रजिस्टर वाचलं. त्यांना सरळ अर्थ लागला की पाहुणे किल्ल्यावर गेलेत ते अजून तिकडेच आहेत. बाहेर अंधारून आलेलं, पाहुण्यांचे फोन बंद. त्यांनी एका मुलाला दुचाकीवर जेटीला पिटाळलं, होडीवाल्यांना फोन लावले, मला फोन लावला. मी एसटीत, रेंज नाही. शेवटी स्वयंपाकघरातल्या मावशी बाजारातून आल्या आणि म्हणाल्या, मी पाच वाजता त्यांका चाय दिलंय, खोलीत निजलेत ते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मला बोलणी बसली. मला अजूनही वाटतं, चार लोकांत चूक काढणाऱ्याकडून कुणी भाषा शिकत नाही, फक्त गप्प बसायला शिकतं. मी आठवडाभर रजिस्टरमध्ये क्रियापदच लिहिलं नाही. ‘रूम फोर, फोर्ट, टू पीएम’ एवढंच.

शिकवलं ते मावशींनी, आणि त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. भांडी विसळता विसळता त्यांनी विचारलं, “अगो, तू काय लिवलंस? गेलेत असा, की जाऊन इले असा?”

मी तिथेच थांबले. हा फरक मला जन्मापासून येत होता! ‘ते किल्ल्यावर गेलेत’ म्हटलं की माणूस अजून तिकडेच आहे. ‘ते किल्ल्यावर जाऊन आलेत’ म्हटलं की परत आला. इंग्रजीत पहिल्याला ‘दे हॅव गॉन टू द फोर्ट’ आणि दुसऱ्याला ‘दे हॅव बीन टू द फोर्ट’. गॉन म्हणजे गेलेला, अजून न परतलेला. बीन म्हणजे जाऊन आलेला. गोष्ट आजची की कालची, याचा इथे काही संबंधच नाही. हॅवमध्ये एकच प्रश्न आहे: त्या क्रियेचा आत्ताशी, या क्षणाशी, काही संबंध उरला आहे का?

दुसरी चूक त्याच वाक्यात होती आणि ती कळायला मला आणखी दोन महिने लागले: ‘ॲट टू पीएम’. मराठीत ‘मी दोन वाजता आलेय’ अगदी बरोबर आहे. ‘मी 2019 साली कोर्स केला आहे’ हेही बरोबर. आपला ‘आहे’ वेळेशी भांडत नाही. इंग्रजीतला हॅव मात्र संपलेल्या वेळेबरोबर एका वाक्यात नांदत नाही. वेळ सांगितली, वार सांगितला, साल सांगितलं आणि ती वेळ संपून गेली असेल, तर हॅव काढायचा. ‘दे वेंट ॲट टू.’ ‘आय कम्प्लीटेड द कोर्स इन 2019.’ बस्स. टुडे किंवा धिस वीक अजून संपलेले नसतात, म्हणून त्यांच्यासोबत हॅव चालतो. यस्टरडे, लास्ट मे, इन 2019 यांच्यासोबत चालत नाही. कधीच नाही.

आता हॅड. इथे आपण कोकणातले काय आणि घाटावरचे काय, सगळे सारखेच फसतो. ‘काल मी कणकवलीला गेले होते’ हे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. त्यातल्या ‘होते’मध्ये बहुतेक वेळा गेले आणि परत आले एवढंच असतं. त्याचं सरळ भाषांतर होतं, ‘आय हॅड गॉन टू कणकवली यस्टरडे.’ ऐकणारा इंग्रज माणूस इथे पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो. कारण त्याच्या भाषेत हॅड म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्या भूतकाळातल्या गोष्टीच्या आधी. कशाच्या आधी, ते तुम्ही सांगितलेलंच नाही.

एका मुलाखतीत मी म्हणाले होते, ‘आय हॅड डन माय ग्रॅज्युएशन इन 2018.’ समोरच्या बाईंनी मान डोलावली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले. त्या उरलेलं वाक्य ऐकायला थांबल्या होत्या आणि माझं वाक्य संपलं होतं. ती शांतता मला आजही आठवते. ‘आय ग्रॅज्युएटेड इन 2018’ एवढं पुरलं असतं.

हॅड खरा लागतो तो दोन गोष्टींमध्ये कोणती आधी झाली हे सांगायला. आमच्याकडे हे रोज घडतं. ‘व्हेन दे रीच्ड द जेटी, द लास्ट बोट हॅड लेफ्ट.’ ते पोचायच्या आधीच होडी सुटली होती. आता हॅड काढून बघा: ‘व्हेन दे रीच्ड द जेटी, द लास्ट बोट लेफ्ट.’ म्हणजे ते पोचले आणि होडी सुटली. पहिल्या वाक्यात पाहुण्याचा उशीर, दुसऱ्यात होडीवाल्याचा आगाऊपणा. पैसे परत मागायला आलेल्या माणसाशी बोलताना या एका शब्दावर बरंच काही ठरतं.

माझी पहिली विनंती ही आहे की आज आणि काल ही मोजपट्टी फेकून द्या. कुणीही शिकवलेली असो. अंतरावरून काळ ठरत नाही. 1664 साली सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं, साडेतीनशेपेक्षा जास्त वर्षं झाली, तरी तिथे हॅड लागत नाही: ‘शिवाजी महाराज बिल्ट द फोर्ट. द वर्क बिगॅन इन 1664.’ आणि तोच किल्ला आजही समुद्रात उभा आहे, म्हणून ‘इट हॅज स्टुड इन द सी फॉर मोर दॅन 350 यर्स.’ बांधणं संपलं, उभं असणं चालू आहे. पाहुण्यांना किल्ल्याची माहिती सांगताना ही दोन वाक्यं मी शेकडो वेळा म्हटली आहेत आणि मला वाटतं काळ मला त्यांनीच शिकवले. तुमच्या गावातलं देऊळ घ्या, बंदर घ्या, पूल घ्या. अशी दोन वाक्यं करून बघा.

घाबरू मात्र नका. ‘आय हॅड गॉन यस्टरडे’ म्हटलंत म्हणून कुणी तुम्हाला हाकलत नाही, अर्थ बहुतेक वेळा पोचतो. भारतभर लोक तसं बोलतात. अमेरिकन पाहुणे स्वतःच ‘आय जस्ट एट’ म्हणतात, ब्रिटिश ‘आय हॅव जस्ट ईटन’ म्हणतात, दोन्ही बरोबर. बोलताना चुकलं तर चेहऱ्यावरून, हातवाऱ्यांवरून सावरता येतं. लिहिताना नाही. रजिस्टर, ईमेल, अर्ज, तक्रारीचं उत्तर, इथे वाचणारा तुमच्यासमोर नसतो. तिथे मी आजही प्रत्येक हॅव आणि हॅड दोनदा तपासते.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. ‘मी इथे पाच वर्षं काम करते’ याचं ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह यर्स’ होत नाही, ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह यर्स’ होतं. सिन्सपुढे सुरुवातीचा क्षण येतो, फॉरपुढे मुदत. ‘उद्या पाऊस आला तर’ यातला ‘आला’ बघून भूतकाळ लावू नका आणि उद्या बघून विलही लावू नका: ‘इफ इट रेन्स टुमॉरो.’ लहानपणच्या ‘आम्ही कुर्ल्या पकडायला जायचो’साठी यूज्ड टू आहे. नियम आणि नेहमीची गोष्ट साध्या वर्तमानकाळात: 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा पाहुण्याला ‘द ट्रॉलर्स डोन्ट गो आउट इन जून अँड जुलै’ सांगायचं, ‘आर नॉट गोइंग’ नाही. तो दरवर्षीचा नियम आहे, आजचा प्रसंग नाही. आणि ‘आय ॲम नोइंग’ कधीही नाही.

तक्त्यातला शेवटचा काळ, विल हॅव बीन आणि पुढे आयएनजी, मला इतक्या वर्षांत काउंटरवर एकदाही लागला नाही. परीक्षा असेल तर शिका, नाहीतर तो वेळ साध्या भूतकाळाला द्या. वेंट, केम, लेफ्ट, पेड, टुक, ब्रॉट, बिल्ट, सॉ. अशी पन्नास क्रियापदं पक्की झाली तर दिवसातलं बहुतेक काम भागतं. ‘30 दिवसांत फाडफाड इंग्रजी’ म्हणणाऱ्यांकडे पैसे भरण्याआधी ही पन्नास करा.

सरावासाठी मी रात्री पाच वाक्यं लिहायची, त्या दिवशी खरोखर घडलेली. मग पेन्सिलने वाक्यातली वेळ गोल करायची. गोल केलेल्या वाक्यात हॅव किंवा हॅड सापडला की स्वतःला विचारायचं: ही वेळ संपली का? दुसरी कुठली गोष्ट याच्या नंतर घडली का? वेळच नसेल तर मावशींचा प्रश्न: गेलेत, की जाऊन इले? पहिल्या आठवड्याच्या 35 वाक्यांत 19 हॅड होते. त्यातला खरा एकच निघाला: आई घरी आली तेव्हा मी भात टाकला होता.