डुकरांची रक्ती हगवण: औषधाच्या आधी नाली बघा

पाऊस लागून पंधरा दिवस झाले की वराहपालकांचे फोन सुरू होतात. "डुकरांना रक्ताची हगवण लागलीय, कुठली पावडर देऊ?" मी आधी विचारतो, नाली कशी काढलीय? जवळजवळ दर वेळी तेच कळतं: पहिल्या कप्प्यातून निघालेली उघडी नाली सगळ्या कप्प्यांतून फिरत शेवटच्या खड्ड्यात जाते. म्हणजे पहिल्या कप्प्यातली घाण सगळ्यांच्या तोंडापर्यंत पोचते. हे आता, या आठवड्यात बदला. भर श्रावणात बदलायला जाल तेव्हा उशीर झालेला असेल.

हा रोग मळसूत्रासारख्या पिळदार जंतूचा, नाव ब्रॅकिस्पायरा हायोडिसेंटेरी. तो मोठ्या आतड्यात राहतो आणि विष्ठेतून तोंडावाटे पसरतो. ३७ अंश तापमानात तो विष्ठेत एक दिवसही टिकत नाही, २५ अंशांना आठवडाभर जगतो आणि १० अंशांच्या खाली दीड महिन्यापर्यंत. मे महिन्यात ऊन आपलं काम फुकट करत होतं. पावसाळ्यात घाट आणि पठारावर हवा पंचविशीला येते, फरशी वाळत नाही, आणि तीच नाली जंतूला आठ दिवस सांभाळते.

नाली तोडायची म्हणजे काय? प्रत्येक कप्प्याचा उतार बाहेरच्या बाजूला काढा आणि घाण मागच्या वेगळ्या चरात पडू द्या. पक्कं बांधकाम जमत नसेल तर दोन कप्प्यांमध्ये विटांचा हातभर बांध घाला आणि प्रत्येक कप्प्याला भिंतीत बाहेर जाणारं भोक पाडा. हा खर्च हगवणीच्या एका खेपेच्या औषधाहून कमी येतो, हे मी हिशेब मांडून दाखवलंय, तरी लोक पावडरच मागतात. कप्पा रिकामा झाला की आधी खरवडा, मग धुवा, मग चुना मारा आणि दोन-तीन दिवस कोरडा राहू द्या. घाणीवर ओतलेलं महागडं जंतुनाशक वाया जातं.

रोज करायचं:
– फावडं, बूट, बादली आजारी कप्प्याची वेगळी
– साफसफाई निरोगी कप्प्यांची आधी, आजारी कप्प्याची शेवटी
– नवीन डुकरं किमान तीन आठवडे लांब
– उंदरांचा बंदोबस्त (उंदीर हा जंतू सहा महिने बाळगू शकतो)
– गव्हाण कोरडी, पाणी भरपूर

बरं झालेलं डुक्कर निर्धोक समजू नका. हगवण थांबल्यावरही सत्तर दिवसांहून जास्त काळ त्याच्या विष्ठेतून जंतू पडू शकतात. बाजारातून स्वस्तात आणलेलं, जरा वाळलेलं पण "आता ठीक आहे" म्हणून दिलेलं जनावर बहुतेक वेळा हेच असतं, असा माझा अनुभव आहे.

ओळखायचं कसं? आधी विष्ठा पातळ आणि पिवळट, मग तिच्यात शेंबडासारखी आव आणि रक्त. खपाटीला गेलेलं पोट, मागचा भाग माखलेला. ताप असला तरी साधारण बेताचा. पण अंगावर जबर ताप, कान-पोट लाल-जांभळं, एकापाठोपाठ मरतूक असं दिसलं तर तो आफ्रिकन किंवा क्लासिकल स्वाइन फीव्हर असू शकतो. मेलेलं जनावर फाडू नका, कोणाला विकू नका, लगेच सरकारी पशुवैद्यकाला कळवा.

औषध पशुवैद्यकाच्या चिठ्ठीनेच. सहसा टियाम्युलिन पाण्यातून देतात, दर किलो वजनाला सुमारे ८.८ मिलिग्रॅम, पाच दिवस. पन्नास किलोच्या दहा डुकरांना रोज ४.४ ग्रॅम औषध लागतं, म्हणजे १२.५ टक्क्यांच्या द्रावणातलं ३५ मिली. दुकानदार लिटरभर बाटली देऊ लागला तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

इथे जीव जातो, म्हणून नीट वाचा. कोंबड्यांचं उरलेलं ब्रॉयलर खाद्य डुकरांना घालणारे खूप आहेत. त्या खाद्यात बहुधा सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन हे कोंबड्यांच्या आजारावरचं औषध मिसळलेलं असतं. त्यावर टियाम्युलिन दिलं की डुकरांचे पाय लुळे पडतात, ती मरतात. औषधाच्या आधी आणि नंतर सात-सात दिवस ते खाद्य बंद ठेवा. कोलिस्टिन या प्रतिजैविकाची पुडी कोणी देऊ केली तर घेऊ नका. ते या जंतूवरचं औषध नाही आणि खाद्यप्राण्यांसाठी २०१९ पासून त्यावर बंदी आहे.

खाण्याबद्दल माझा एक अंदाज. हगवणीच्या दिवसांत कोंडा-चोथा कमी करून साधा शिजवलेला भात दिला की जनावर लवकर सावरतं, असं मला वाटत आलंय. ऑस्ट्रेलियात मर्डोक विद्यापीठाच्या प्रयोगांत भातावरची डुकरं या रोगापासून बचावली होती, पण पुढे दुसरीकडच्या प्रयोगांत तसं दिसलं नाही. करून बघा, पण नालीचं काम त्यासाठी थांबवू नका.

आता घरच्या माणसांचं. हायोडिसेंटेरी माणसाला लागल्याचं दिसत नाही. पण त्याचा भाऊबंद ब्रॅकिस्पायरा पिलोसिकोली डुकरांत, कोंबड्यांत आणि माणसांतही राहतो. डुकरांत तो ओल्या सिमेंटसारखी हगवण लावतो. आसामच्या चहामळ्यांतल्या तपासणीत जवळपास दर चौथ्या माणसात तो सापडला. पुष्कळांना त्रास होत नाही, काहींना महिनोन् महिने पोटाची तक्रार राहते. म्हणून नालीचं तोंड विहिरीकडे किंवा आडाकडे असेल तर ते आजच फिरवा. कप्प्यात गमबूट घाला, जेवणाआधी साबणाने हात धुवा, पोरांना चरापाशी खेळू देऊ नका. जुलाब थांबत नसतील तर डॉक्टरांना घरी डुकरं आहेत हे आपणहून सांगा.

आणि औषधाचा पहिला डोस देण्याआधी आव असलेली ताजी विष्ठा स्वच्छ डबीत घेऊन बर्फावर ठेवा, गोठवू नका, आणि पशुवैद्यकामार्फत जिल्ह्याच्या किंवा पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेत पाठवा. डोस दिल्यानंतरच्या नमुन्यात बऱ्याचदा काही सापडत नाही.