कोकणच्या किनाऱ्यावर छायाचित्रे काढायची असतील तर आधी तिथी पाहावी

कोकणकिनाऱ्याची छायाचित्रे कशी काढावीत हे सांगणारे बहुतेक लेख कॅमेऱ्याच्या निवडीपासून सुरू होतात आणि सूर्यास्ताच्या वेळेवर येऊन थांबतात. सूर्य कधी बुडणार हे कोणत्याही फोनवर दिसते. तो बुडताना समुद्र कुठे असेल, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि चित्र त्यावरच ठरते. एकच किनारा एका संध्याकाळी चकाकत्या काळ्या खडकांचा, मधल्या डबक्यांत आकाश धरणारा असतो, तर आठवडाभराने त्याच जागी खडकांचा मागमूस नसतो आणि गढूळ पाणी थेट सुरूच्या बनापाशी आलेले असते. हरिहरेश्वरपासून मालवणपर्यंत गेली चौदा-पंधरा वर्षे हा छंद केल्यावर जी पद्धत माझ्या हाती उरली, ती येथे देत आहे. कॅमेरा हाताने चालवता येतो आणि बॅटरी चार्ज केलेली आहे, असे गृहीत धरतो.

दिवस ठरवणे

दिवस पंचांगातून ठरवावा. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना आडाखा असा आहे की शुक्ल किंवा वद्य, कोणत्याही पक्षातली तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जे येईल तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तास आणि वर काही मिनिटांनी ओहोटी पूर्ण होते. याचा अर्थ आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपास संध्याकाळच्या उजेडात पाणी सर्वांत आत गेलेले असते, आणि अष्टमीला नेमक्या त्याच वेळी ते सर्वांत वर आलेले असते. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे दोन्हींतला फरक कमी. शनिवार-रविवार पाहून खोली घेणाऱ्याला अष्टमी लाभली, तर तो परत येऊन कोकणात काही दिसले नाही असे सांगतो.

खडकांसाठी मी पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची प्रतिपदा ते तृतीया हे दिवस धरतो, आदल्या दिवसाला कधीच जात नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आडाखा दिवस निवडण्यापुरता वापरावा, कारण त्यात अर्धा-पाऊण तास सहज इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांतून किंवा एखाद्या चांगल्या ॲपवरून घ्यावी, आणि ती आपल्या जवळच्या बंदराची घ्यावी. भरती आपल्याकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे गोव्याची आणि मालवणची वेळ मुंबईच्या आधीची असते. मुंबईजवळ उधाणाला पाणी चार मीटरांच्या आसपास वरखाली होते, गोव्याकडे हा फरक साधारण दोन मीटरांवर येतो. मुंबईचा तक्ता घेऊन वेंगुर्ल्याला उभे राहणारे मी पाहिले आहेत, आणि एकदा त्यांच्यात मीही होतो.

हेदवीच्या बामणघळीचे गणित उलटे आहे. तेथे अरुंद घळीत भरतीचे पाणी घुसून उंच उसळते, तेव्हा भरतीच हवी. पौर्णिमेची भरती भर दुपारी येते आणि उजेड चपटा असतो. अष्टमीला उजेड सुंदर असतो, पण पाण्याला जोर नसतो. पंचमी-षष्ठीची दुपार उलटतानाची भरती ही मला मानवलेली तडजोड आहे.

सामान

तिपाई, तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड आठपट कमी करणारी काळसर काच), पोलरायझर (चकाकी कमी करणारा, फिरवता येणारा फिल्टर), दोन सुती फडकी आणि डोक्याला बांधायचा दिवा. दहा स्टॉपचा फिल्टर घेऊ नये. माझा तीन वर्षे पिशवीत पडून राहिला आणि मग मी तो देऊन टाकला.

खडकांवर उतरणे

सगळ्यांत अवघड टप्पा हाच आहे आणि याबद्दलच सर्वांत वाईट सल्ले मिळतात. “ओहोटीला जा, मग भीती नाही” हा त्यांतला पहिला. ओहोटी पूर्ण झाली की पुढच्या मिनिटापासून भरती सुरू होते, आणि छायाचित्रकाराला हवा असलेला निळसर उजेड सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी येतो, म्हणजे नेमका पाणी चढू लागल्यावर. ही चढण एकसारखी नसते. पाण्याच्या एकूण फरकाचा साधारण बारावा भाग पहिल्या तासात, दोन भाग दुसऱ्या तासात आणि तीन-तीन भाग तिसऱ्या व चौथ्या तासात चढतात. फरक तीन मीटर धरला, तर पहिल्या तासात पाणी जेमतेम वीतभर चढते आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात ते पाऊण मीटर चढते.

मी हे गुहागर तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर शिकलो. डिसेंबरातली चतुर्दशी होती. ओहोटी पावणेपाचच्या सुमारास होऊन गेली होती, सूर्य सहा वाजून गेल्यावर बुडाला, आणि आकाश इतके रंगले की मी सात वाजेपर्यंत एका सपाट खडकावर तिपाई लावून उभा होतो. पुढच्या लाटा माझ्यापासून दहा हात दूर होत्या आणि माझे सगळे लक्ष त्यांच्यावर होते. किनाऱ्यावरून कोणीतरी ओरडले, “ओ भाऊ, मागे बघा! पाणी पुढून नाय, मागून भरतं!” वळून पाहिले तर येताना मी जी कोरडी घळ पायाखाली घालून आलो होतो, तिच्यात मांडीएवढे पाणी खळखळत होते. जाळे खांद्यावर टाकलेला तो मच्छीमार विजेरी धरून मला पाय कुठे टाकायचा ते सांगत राहिला आणि मी तिपाईची काठी करून बाहेर आलो. पिशवी पाण्याला लागली. तिच्यातली एक लेन्स गेली ती गेलीच.

समुद्राकडे तोंड करून उभ्या माणसाला पुढचे पाणी दिसते, पण किनाऱ्यावरचे खडक एकसंध उतरत नाहीत. त्यांच्यामध्ये घळी असतात, आणि भरतीचे पाणी आधी त्या घळींतून आत शिरून आपल्या मागची वाट बंद करते. म्हणून मी ओहोटीच्या दीड तास आधी पोहोचतो आणि कॅमेरा पिशवीतच ठेवून आधी परतीची वाट पाहतो. वाटेतली सर्वांत खोल जागा कोणती, हे ठरवून तिच्या काठावरचा एखादा ठळक दगड खूण म्हणून धरतो. दर पाच मिनिटांनी मागे वळून तो दगड पाहायचा. तो भिजला की चौकटीत काहीही असले तरी निघायचे. फोनवर ओहोटीच्या वेळेनंतर पाऊण तासाचा गजर लावावा आणि तो वाजल्यावर आणखी एक चित्र काढण्याचा मोह टाळावा. आदल्या दिवशी न जाण्याचे कारणही आता स्पष्ट होईल: चतुर्दशीला ओहोटी सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी होऊन जाते, तर प्रतिपदेनंतर ती सूर्यास्ताच्या जवळ किंवा त्याच्याही पुढे सरकते, आणि निळा उजेड येतो तेव्हा पाणी उतरत असते किंवा नुकते वळलेले असते.

घड्याळाहून भरवशाची एक खूण आहे. ओहोटीला खडकांवर कालवे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, फोडायला बायका येतात. त्या पाटी उचलून निघाल्या की आपणही निघावे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ज्या खडकांवरून जाते, तेथे भरतीच्या वेळी उतरू नका असे स्थानिक लोक पुन्हा पुन्हा सांगतात. ते पर्यटकांना घाबरवण्यासाठी सांगत नाहीत. तक्त्यात पाण्याची पातळी असते, लाटेची उंची नसते, हेही ध्यानात ठेवावे. हिरवे शेवाळ दिसले की त्यावर पाय देऊ नये. काळा, खरबरीत, कालवांच्या शिंपल्या चिकटलेला खडक पायाला धरतो, पण पडल्यास कातडी सोलतो, म्हणून चपला नकोत, बंद बूट हवेत. पावसाळ्यात खडकांवर उतरूच नये. जून-जुलैत मासेमारी बंद असते, आणि ज्या समुद्रात कोळी होडी लोटत नाही त्याच्या काठावर आपली तिपाई रोवण्यात शहाणपण नाही.

प्रत्यक्ष चित्र

आयएसओ १००, छिद्र एफ ११ आणि शटर अर्धा सेकंद, येथून सुरुवात करावी. लाट फुटताना बटण दाबू नये; ती फुटून, पसरून परत फिरू लागली की दाबावे, म्हणजे फेसाच्या रेषा समुद्राकडे ओढल्या जातात आणि चित्राला दिशा मिळते. सरसकट तीस सेकंदांची उघडझाप करून समुद्राचे दूध करण्याची जी टूम आहे, ती मला अजिबात पटत नाही. त्या चित्रात हर्णैही दिसत नाही आणि देवगडही दिसत नाही. सूर्यास्तानंतर फिल्टर काढून टाकावा, अंधारच त्याचे काम करतो. उजेडाचे माप आकाशावर घ्यावे, खडकांची काळोखी नंतर उजळता येते. पोलरायझर पूर्ण फिरवला तर ओल्या खडकावरची चकाकी निघून जाते आणि खडक कोळशासारखा दिसतो, म्हणून तो अर्धाच फिरवावा. वाळूत तिपाईचे पाय आधी दाबून रुतवावेत, नाहीतर परतणारी लाट त्यांच्याखालची वाळू ओढून नेते आणि कॅमेरा कळेल न कळेल इतका कलतो.

बाकीची ठिकाणे

जंजिऱ्यासारखे जलदुर्ग पश्चिमेला समुद्रात असल्यामुळे संध्याकाळी त्यांच्या नुसत्या काळ्या आकृती मिळतात; तटाचे चिरे हवे असतील तर राजापुरीच्या धक्क्यावर सकाळी जावे. हर्णैला किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो आणि पाठीमागे सुवर्णदुर्ग असतो. तेथे आधी विचारावे, मग कॅमेरा काढावा, आणि बोली चालू असताना मध्ये उभे राहू नये. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पे दुपारी दिसतही नाहीत, पण सूर्य क्षितिजाजवळ असताना कोरलेल्या रेषांत सावली भरते आणि चित्र आपोआप उठून येते. त्या रेषांत खडू भरणाऱ्यांना मी तिथल्या तिथे हटकतो.

परतल्यावर

त्याच रात्री, जेवणाच्या आधी, तिपाईचे पाय सुटे करून बादलीभर गोड्या पाण्यात बुडवावेत आणि उघडेच वाळू द्यावेत. सकाळपर्यंत थांबलात तर पेचांत वाळू आणि मीठ घट्ट बसते. कॅमेरा गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावा, लेन्सवरचे तुषार कोरड्या फडक्याने घासू नयेत, कारण मिठाचा कण काचेवर ओरखडा काढतो. घरी आल्यावर लेन्सा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात, आणि पुड्यांचे दाणे रंग बदलू लागले की त्या बदलाव्यात.