फ्लेक्झिबल कॉन्ट्रॅक्ट करूनही साइटवर भांडणं होतात? या चुका टाळा

नागपुरात पाया खोदला की पश्चिमेकडे काळी माती आणि खाली बसॉल्ट खडक, पूर्वेकडे सरकलं की ग्नाइस हा दुसराच खडक, म्हणजे एकाच मोठ्या कामाच्या दोन टोकांना जमीन वेगळी निघू शकते आणि जमीन तपासायला घेतलेल्या बोअरच्या रिपोर्टमध्ये ते सगळं दिसत नाही. म्हणून बदलाची सोय ठेवलेलं कॉन्ट्रॅक्ट हवंच, पण ती सोय नीट लिहिली नाही तर भांडण उलट वाढतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "रेट परस्पर संमतीने ठरेल" एवढंच लिहिणं. मी बिलिंग बघत होतो त्या एका साइटवर कडक खडक लागला, काम थांबवता येत नव्हतं म्हणून खडक फोडायला ब्रेकर लावला, रेटचं नंतर बघू असं ठरलं, आणि चार आरए बिलं (काम चालू असताना दिलेली टप्प्याटप्प्याची बिलं) गेली तरी एक्स्ट्रा आयटम, म्हणजे करारात नसलेलं हे जादा काम, मंजूर नाही, मग ठेकेदाराने माणसं कमी केली आणि कामच लांबलं. आधीच लिहा ना, की बीओक्यूमधल्या (करारातली कामं, प्रमाण आणि रेट यांची यादी) जवळच्या आयटमवरून रेट काढायचा, तसा नसेल तर डीएसआर म्हणजे सरकारी दरसूची, तोही नसेल तर बाजारभावावर ठरलेला टक्का, आणि अंतिम रेट येईपर्यंत तात्पुरत्या रेटने पैसे सुटतील.

तोंडी सांगण्यावर काम करू नका. साइटवरच्या सूचना लिहायच्या साइट ऑर्डर बुकात सही घ्या, अडथळा आला त्याच दिवशी त्याची नोंद ठेवायचं हिंडरन्स रजिस्टर भरा. फिडिक या सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 1999 च्या करार-नमुन्यात ठेकेदाराने 28 दिवसांत नोटीस दिली नाही तर जादा पैशांचा किंवा मुदतीचा क्लेमच जातो, बाकी कामात किती दिवस आहेत ते आपापल्या करारात बघून ठेवा.

एस्कलेशनमध्ये, म्हणजे भाव वाढले तर रेट वाढवायच्या कलमात, सिमेंट-स्टील घेतात आणि डिझेल विसरतात. 2021 मध्ये स्टील भडकलं तेव्हा फिक्स्ड रेटवाल्यांची काय हालत झाली ते आठवा.

आणि कृपा करून सगळी रिस्क ठेकेदारावर ढकलून त्याला फ्लेक्झिबल म्हणू नका. लंडनच्या हीथ्रो टर्मिनल 5 मध्ये मालकाने मुख्य रिस्क स्वतःकडे ठेवली, ठेकेदारांना खरा खर्च दिला, त्यामुळे अडचण लपवायचं कारणच उरलं नाही आणि बांधकाम वेळेत झालं. 2008 मध्ये उघडताना बॅगेजचा गोंधळ झाला, तो मुख्यतः चाचण्या आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण कमी पडल्याने होता.

वाद आधीच पेटला असेल तर बिलातली मान्य रक्कम वेगळी काढून लगेच सोडवून घ्या, मजुरांचे पगार तरी निघतात, आणि उरलेल्या रकमेवर हरकत नोंदवूनच सही करा.